मांढरदेवच्या डोंगराआड गेलेला अग्निगोल नेमका किती दूर होता?

आपण पत्रात लिहिल्याप्रमाणे, वाईतील आपल्या घराच्या गच्चीवरून फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, ७ वाजून २० मिनिटांच्या सुमारास, उत्तरेच्या आकाशात शुक्रापेक्षा बराच तेजस्वी असा हिरवट गोळा आपल्याला दिसला. तो डावीकडून उजवीकडे तिरका उतरत गेला, शेवटी त्याचे दोन तुकडे झाले आणि सहा-सात सेकंदांत तो मांढरदेवच्या डोंगराआड नाहीसा झाला. जाताना ‘सुर्र’ असा आवाज ऐकू आल्याचे आणि मिनिटभराने दूर कुठेतरी ‘धप्प’ झाल्याचेही आपण लिहिले आहे. हे काय होते, ते डोंगराच्या पलीकडच्या उतारावर पडले असेल का आणि शोधायला जावे का, असे आपले तीन प्रश्न आहेत. गेली तीसेक वर्षे मी हौशी निरीक्षक म्हणून उल्कांच्या नोंदी ठेवतो आहे आणि असे अनुभव सांगणाऱ्या शेकडो लोकांशी बोललो आहे. त्या आधारावर पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी बऱ्याच खात्रीने देऊ शकतो: आपण पाहिली ती नैसर्गिक उल्का होती आणि खगोलशास्त्रात जिला अग्निगोल किंवा फायरबॉल म्हणतात त्या जातीची होती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र स्पष्ट नकारार्थी आहे. मांढरदेवच्या पलीकडे काहीही पडलेले नाही. आपण जे पाहिले ते खरे आहे. त्याला आपण जे अंतर लावले, ते खरे नाही.

हा दोष आपला नाही. आकाशात वस्तू किती दूर आहे हे ओळखण्याचे कोणतेही साधन माणसाच्या डोळ्याला मिळालेले नाही. दोन डोळ्यांमुळे मिळणारी खोलीची जाणीव जवळच्या वस्तूंपुरतीच उपयोगी पडते. त्यापुढे आपण वस्तूच्या परिचित आकारावरून अंतर ठरवतो. विमान किती मोठे असते हे ठाऊक असल्यामुळे ते किती उंच आहे हे कळते. अंधारातल्या तेजस्वी ठिपक्याला असा परिचित आकार नसतो, म्हणून मन त्याला जवळच्या ओळखीच्या वस्तूशी, म्हणजे क्षितिजावरच्या डोंगराशी किंवा शेजारच्या इमारतीशी, जोडून टाकते. मला आजवर भेटलेल्या प्रत्यक्षदर्शींपैकी बहुतेकांचा गोळा ‘त्या टेकडीमागे’, ‘धरणाच्या पाण्यात’ किंवा ‘पलीकडच्या शिवारात’ पडलेला होता. एकाच अग्निगोलाबद्दल पुण्याचा माणूस सिंहगडाकडे बोट दाखवतो आणि त्याच वेळी नाशिकचा माणूस पांडवलेण्यांकडे. दोघेही प्रामाणिक असतात.

आपल्या बाबतीत थोडे गणित करून पाहू, कारण आपण दिलेले तपशील त्याला पुरेसे आहेत. वाईपासून मांढरदेवचा माथा सरळ रेषेत साधारण १० किलोमीटरवर आहे आणि तो वाईपेक्षा सहा-सातशे मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या गच्चीवरून डोंगराची कडा क्षितिजापासून सुमारे ४ अंश वर दिसत असणार. गोळा प्रथम दिसला तेव्हा तो क्षितिजापासून ‘दीड मूठ’ वर आणि जिथे मावळला त्या जागेच्या डावीकडे ‘दोन मुठी’ होता, असे आपण लिहिले आहे. हात पूर्ण लांब केल्यावर बंद मूठ आकाशात जवळजवळ १० अंश झाकते, तेव्हा प्रवास १५ अंशांवरून ४ अंशांवर आणि आडवा २० अंश, असा झाला. आता समजा की गोळा खरोखरच १० किलोमीटरवर होता. मग त्याने सहा सेकंदांत चार-एक किलोमीटर अंतर कापले, म्हणजे त्याचा वेग सेकंदाला पाऊण किलोमीटरपेक्षाही कमी होता. या वेगाने जाणारा दगड प्रकाशतच नाही. वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या आसपास उतरला की उल्का विझते. त्यामुळे गोळा तेजाने जळत असताना डोंगराआड गेला, हेच तो डोंगराजवळ नसल्याचा सर्वांत सबळ पुरावा ठरतो.

उलट बाजूने पाहिले तर सगळे जुळते. मोठ्या अग्निगोलांचे तेज साधारणपणे २० ते ४० किलोमीटर उंचीवर संपते. शेवटची उंची ३० किलोमीटर धरली आणि पृथ्वीची वक्रता हिशेबात घेतली, तर ४ अंशांवर दिसणारी वस्तू आपल्यापासून सुमारे ३१५ किलोमीटर दूर असली पाहिजे. प्रारंभीची उंची ९० किलोमीटर धरली, तर १५ अंशांवरची जागाही ३०० किलोमीटरच्या थोडी पुढेच येते. या दोन बिंदूंमधले अंतर साधारण १२० किलोमीटर आणि ते सहा सेकंदांत कापले गेले. म्हणजे वेग सेकंदाला २० किलोमीटर, आणि संध्याकाळच्या उल्केला तो अगदी शोभणारा आहे. नकाशावर वाईपासून थेट उत्तरेला ३१५ किलोमीटर मोजल्यास आपण कळवण-सटाण्याच्या टापूत पोहोचतो. शेवटची उंची २० किलोमीटर मानली तर ही जागा नाशिकपर्यंत अलीकडे सरकते आणि ४० मानली तर नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यापर्यंत पलीकडे जाते. एकट्या माणसाच्या निरीक्षणातून दिशा चांगली कळते, पण अंतरात एवढी मोठी ढील राहते, हेही यातून दिसेल. गोळ्याच्या खाली असलेल्या लोकांना तो आपल्याला दिसला त्याहून कितीतरी अधिक प्रखर, बहुधा पौर्णिमेच्या चंद्राच्या तोडीचा, दिसला असणार.

‘अग्निगोल’ या शब्दाला ठरावीक अर्थ आहे. शुक्राहून, म्हणजे सुमारे उणे ४ प्रतीहून (प्रत हे तेजस्वितेचे माप; आकडा जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी), तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. अवकाशात फिरणारा खडा हा उल्काभ, तो वातावरणात जळताना दिसणारा प्रकाश ही उल्का आणि त्यातून वाचून जमिनीवर आलेला दगड तो अशनी. यांपैकी दोन शब्द फार जुने आहेत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने आकाशातून पडणाऱ्या या वस्तूंचे धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यातली अशनी मोठा आवाज करीत माणसांवर, जनावरांवर, घरांवर, झाडांवर कोसळून जमीन फोडते, असे तिचे वर्णन केले आहे. त्याने विजेलाही याच मालिकेत बसवले हे आज पटणार नाही. परंतु आवाजासह खाली येणारी ती अशनी आणि नुसती चमकून जाणारी ती वेगळी, हा भेद त्याने नेमका टिपला होता.

प्रकाश कसा निर्माण होतो याविषयी ‘हवेच्या घर्षणाने जळते’ असे आपण शाळेत शिकलेलो असतो. ते सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. सेकंदाला २० किलोमीटर वेगाने येणाऱ्या खड्यापुढून हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ती पुढच्या बाजूला दाबली जाते, हजारो अंशांपर्यंत तापते आणि त्या उष्णतेने खड्याचा पृष्ठभाग वितळून त्याची वाफ होते. आपल्याला दिसतो तो मुख्यतः या वाफेचा आणि तापलेल्या हवेचा प्रकाश. खडा स्वतः त्या प्रकाशात लपलेला असतो. म्हणूनच गोळा आपल्याला ‘चंद्राच्या पाव भागाएवढा’ वाटला तरी आतला दगड तेवढा मोठा असतो असे नाही. ठळक अग्निगोलामागे पुष्कळदा लिंबाएवढा किंवा मुठीएवढा खडा असतो. हिरवा रंग सहसा मॅग्नेशियमच्या वाफेचा, पिवळा-नारिंगी सोडियमचा, तर तांबूस छटा हवेतल्याच नायट्रोजन-ऑक्सिजनची असते. लोक मला रंगावरून ‘धातू कोणता होता’ असे विचारतात, तेव्हा मी उत्तर द्यायचे टाळतो. मॅग्नेशियम जवळजवळ सर्वच दगडी उल्कांत असते, डोळ्याला अंधारात रंग नीट कळत नाहीत, आणि क्षितिजाजवळची जाड हवा त्यात आपली भर घालते.

आता आपण न विचारलेल्या, पण विचारायला हव्या होत्या अशा शंकेकडे वळतो: ते एखाद्या उपग्रहाचे किंवा रॉकेटचे अवशेष नव्हते कशावरून? महाराष्ट्रात ही शंका रास्तच आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, शनिवारी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भ आणि खानदेशातल्या, तसेच मध्य प्रदेशातल्या असंख्य लोकांनी आकाशातून सरकत जाणारी जळत्या तुकड्यांची रांग पाहिली. मी त्या दिवशी सणानिमित्त जळगावला नातेवाइकांकडे होतो. गुढी उतरवून झालेली होती आणि आम्ही गच्चीवर बसलो होतो. पश्चिमेकडून काहीतरी येते आहे असे मुलांनी ओरडून सांगितले, तेव्हा मी चष्मा शोधत खाली गेलो, पायऱ्या चढून परत आलो, तरीही ते जातच होते. त्या क्षणीच ही उल्का नव्हे हे मला कळले, कारण उल्का कोणाच्या चष्म्यासाठी थांबत नाही. एकामागे एक, जवळजवळ समांतर, शेपट्या असलेले पिवळे-तांबडे ठिपके क्षितिजाला आडवे असे पूर्वेकडे गेले. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी ‘विमान पेटलं’ म्हणून ओरडले, आणि खरे सांगायचे तर त्या दृश्याला ते वर्णन चुकीचे नव्हते.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची तापलेली कडी सापडली आणि परिसरात एक धातूचा गोळाही मिळाला. ते अवशेष चीनच्या चांग झेंग ३बी या रॉकेटच्या, फेब्रुवारी २०२१मध्ये सोडलेल्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत, असे कक्षांचा मागोवा घेणाऱ्या तज्ज्ञांनी सांगितले. त्या संध्याकाळी मला आलेल्या फोनवरच्या प्रत्येकाने मात्र ‘उल्कापात’ हाच शब्द वापरला होता.

फरक मूलतः वेगाचा आहे. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू वातावरणात शिरते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर असतो आणि ती अगदी सपाट कोनाने येते. त्यामुळे ती मिनिटभर किंवा त्याहून अधिक वेळ दिसते आणि हळूहळू तुटत जाते. सूर्याभोवती फिरणारा उल्काभ कमीत कमी ११ आणि जास्तीत जास्त ७२ किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने येतो आणि बहुधा काही सेकंदांत संपतो. आपले सहा-सात सेकंद स्पष्टपणे दुसऱ्या बाजूला पडतात. या नियमाला अपवाद आहेत, आणि त्यातला एक प्रसिद्धच आहे. ९ ऑक्टोबर १९९२ रोजी, शुक्रवारी संध्याकाळी, अमेरिकेच्या पूर्व भागावरून एक अग्निगोल इतक्या सपाट कोनाने गेला की तो सुमारे ४० सेकंद दिसत राहिला. शाळांचे फुटबॉलचे सामने चालू असल्याने पालकांचे कॅमेरे तयारच होते, आणि त्याचे सोळा व्हिडिओ मिळाले. त्याचा बारा किलोंहून थोडा अधिक वजनाचा तुकडा न्यूयॉर्क राज्यातल्या पीकस्किल गावी उभ्या असलेल्या मोटारीच्या मागच्या डिकीवर आदळला. तो अस्सल दगडी अशनी होता. तेव्हा केवळ कालावधीवर निकाल देऊ नये. कालावधी, कोन आणि तुटण्याची पद्धत ही तिन्ही एकत्र पाहावीत.

संध्याकाळची वेळ हाही येथे एक महत्त्वाचा दुवा आहे आणि माझ्या मते तो पुरेसा सांगितला जात नाही. पृथ्वी सूर्याभोवती ज्या दिशेने धावते, ती तिची पुढची बाजू पहाटेच्या लोकांच्या डोक्यावर असते आणि मागची बाजू संध्याकाळच्या लोकांच्या. पहाटे आपण समोरून येणाऱ्या उल्काभांवर जाऊन आदळतो, म्हणून तेव्हा उल्का जास्त दिसतात आणि वेगवान असतात. नोव्हेंबरातल्या सिंह राशीतून येणाऱ्या उल्का तर सेकंदाला ७१ किलोमीटर वेगाने येतात आणि त्यांची धूळ वरच संपते. संध्याकाळी मात्र मागून येऊन पृथ्वीला गाठणारे उल्काभच आपल्यापर्यंत पोहोचू शकतात. संख्या कमी, पण सापेक्ष वेगही कमी. वेग कमी म्हणजे झीज कमी, आणि झीज कमी म्हणजे दगडाचा काही भाग जमिनीपर्यंत टिकण्याची शक्यता जास्त. शिवाय उत्तर गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिल या काळातल्या संध्याकाळी अग्निगोलांचे प्रमाण काहीसे वाढते, असे निरीक्षकांना फार पूर्वीपासून आढळले आहे.

इतिहासातली उदाहरणे पाहा. छायाचित्रांवरून ज्या अशनीची कक्षा प्रथमच काढता आली, तो चेकोस्लोव्हाकियातला प्रिब्रामचा अशनी ७ एप्रिल १९५९ रोजी रात्री साडेआठच्या सुमारास पडला. ती कक्षा मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत जात होती. याच रीतीने छायाचित्रांत सापडलेला अमेरिकेतला लॉस्ट सिटीचा अशनी ३ जानेवारी १९७०ला रात्री सव्वाआठला आणि कॅनडातला इनिसफ्रीचा ५ फेब्रुवारी १९७७ला संध्याकाळी सव्वासातला पडला. आपल्या शेजारी, गुजरातच्या सुरेंद्रनगर जिल्ह्यातल्या ढजाला गावाच्या परिसरात, २८ जानेवारी १९७६ रोजी रात्री पावणेनऊच्या सुमारास मोठा अग्निगोल फुटून दगडांचा सडा पडला होता, आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत त्या दगडांचा पुढे बारकाईने अभ्यास झाला. रात्र नीट पडायच्या आत दिसलेला संथ अग्निगोल मी म्हणूनच पहाटेच्या दहा अग्निगोलांपेक्षा अधिक गांभीर्याने घेतो.

आवाजाविषयी. ध्वनीला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. गोळा अगदी डोक्यावर ३० किलोमीटर उंचीवर फुटला, तरी त्याचा गडगडाट दीड मिनिटाने येईल. आपल्या गणिताप्रमाणे ३१५ किलोमीटरवरून आवाज यायचाच झाला, तर पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागला असता, आणि एवढ्या अंतरावरून तो ऐकू येणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे मिनिटभराने आलेला ‘धप्प’ या गोळ्याचा नव्हता. माणूस काही विलक्षण पाहिल्यावर कान टवकारून बसतो, आणि एरवी ज्याकडे लक्ष गेले नसते असा दाराचा, ट्रकचा किंवा खाणीतल्या सुरुंगाचा आवाज त्या घटनेला चिकटतो.

‘सुर्र’ आवाजाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. उल्का दिसत असतानाच सळसळ किंवा तडतड ऐकू आल्याची वर्णने निरनिराळ्या देशांत शतकानुशतके मिळतात आणि ती सगळी भ्रम म्हणून झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही. अतिप्रखर उल्केचा प्रकाश फार वेगाने लुकलुकला, तर त्या प्रकाशाने केस, सुकी पाने, गडद कापड यांसारख्या वस्तू किंचित तापून-निवून त्यांच्याभोवतीची हवा कंप पावते आणि जवळच मंद आवाज निर्माण होतो, असे एक स्पष्टीकरण २०१७मध्ये प्रयोगांच्या आधारे मांडले गेले. पण त्यासाठी पौर्णिमेच्या चंद्राच्या तोडीचा प्रकाश निरीक्षकापर्यंत पोहोचावा लागतो. आपल्याला दिसलेला गोळा त्याहून पुष्कळ मंद होता. आपली सावलीही पडली नव्हती. म्हणून या स्पष्टीकरणाचा आधार आपल्याला मिळत नाही. तरीही हा तपशील नोंदीतून वगळू नका. निरीक्षकाने काय ऐकले ते लिहावे, त्याचा अर्थ नंतर लावता येतो.

उशिरा येणारा आवाज केवळ कुतूहलाचा विषय नाही. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटर व्यासाचा उल्काभ सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने आला आणि जवळपास ३० किलोमीटर उंचीवर त्याची बहुतेक ऊर्जा बाहेर पडली. लखलखाट पाहून लोक खिडक्यांशी धावले, काय झाले ते बघत उभे राहिले, आणि एक-दोन मिनिटांनी आलेल्या दाबाच्या लाटेने काचा फुटल्या. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, आणि त्यातल्या बहुतेक जखमा काचेच्या होत्या. तेव्हा कधी रात्रीचा दिवस करणारा अग्निगोल दिसला, तर गच्चीवरच मोकळ्या जागी थांबावे, घरातल्यांना खिडक्यांपासून दूर करावे आणि मनात सेकंद मोजावेत. हे मोजणे सुरक्षिततेच्या आणि नोंदीच्या, दोन्ही कामांना येते.

मग दगड पडला असेल का? शक्य आहे, पण आपल्या डोंगराकडे नाही. उल्का विझल्यानंतर उरलेले तुकडे प्रकाशाविना, वाऱ्याने ढकलले जात, काही मिनिटे खाली येत राहतात. वरच्या थरांतला वारा जोराचा असेल तर लहान तुकडे कित्येक किलोमीटर बाजूला जातात. जमिनीवर येताना त्यांचा वेग ताशी काही शे किलोमीटर एवढाच उरतो. त्यांचा पृष्ठभाग काही सेकंदच वितळलेला असतो आणि आतला भाग अवकाशातल्याइतकाच थंड राहतो, त्यामुळे ताजा अशनी हाताला कोमट किंवा गारही लागतो. गवत पेटले, वणवा लागला, धूर निघाला, या कथा जवळजवळ नेहमीच दुसऱ्या कशाच्या तरी निघतात. लोणारसारखे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाडायला लागणारी वस्तू वेगळ्याच मापाची असते. मुठीएवढा दगड शेतात फार तर वीतभर खोलीचा खळगा करतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे आणि ती दख्खनच्या पठाराची आहे. अशनी ओळखताना पुस्तके सांगतात की तो काळा असतो, वजनदार असतो आणि त्याला लोहचुंबक ओढतो. सह्याद्रीचा बेसाल्ट, म्हणजे गोठलेल्या लाव्ह्याचा खडक, काळा असतो, वजनदार असतो आणि त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजामुळे चुंबकाला थोडासा ओढही देतो. माझ्याकडे आजवर लोकांनी आणलेल्या ‘अशनीं’पैकी बहुतेक बेसाल्ट होते आणि उरलेले भट्टीतला स्लॅग, म्हणजे धातू वितळवताना उरणारी मळी. दगडात बुडबुड्यांची भोके असतील किंवा त्या भोकांत पांढऱ्या गारा भरलेल्या असतील, तर तो बहुधा आपल्याच मातीतला लाव्हा आहे. खऱ्या अशनीवर नखाएवढाही जाड नसलेला, वितळून गोठलेला काळसर थर असतो, आणि तो कुठे उडाला असेल तर आतला भाग बहुधा राखाडी, सिमेंटसारखा दिसतो. त्या राखाडी भागात धातूचे बारीक चमकणारे कण दिसले, तर मात्र दगड कागदात गुंडाळून कोरडा ठेवावा, धुऊ किंवा घासू नये, चुंबकही वारंवार लावू नये, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. देशात पडणारे अशनी जपण्याचे काम त्यांच्याकडे आहे आणि मुख्य संग्रह कोलकात्यात आहे. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूरजवळच्या काटोल येथे पडलेल्या दगडांपासून पुढे खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांना ब्रिजमनाइट हे खनिज अभ्यासता आले. पृथ्वीच्या पोटात ते विपुल आहे, पण तितक्या खोलीवरून ते कोणालाही जसेच्या तसे वर आणता येत नाही. घराच्या शोकेसमध्ये ठेवलेल्या दगडाकडून हे झाले नसते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आपण डोंगर चढण्याऐवजी खालील गोष्टी कराव्यात, असे मी सुचवतो. उद्या दिवसाउजेडी, गच्चीवर त्या वेळी जिथे उभे होतात तिथेच उभे राहा. पायाखालची फरशीसुद्धा तीच असू द्या. गोळा कुठे प्रथम दिसला आणि कड्याच्या नेमक्या कोणत्या खाचेमागे गेला, हे टाकीचा कोपरा, विजेचा खांब, झाडाचा शेंडा अशा स्थिर खुणांना जोडा. मोबाइलमधल्या होकायंत्राने त्या दोन दिशांचे अंश घ्या, पण गच्चीच्या सळ्या आणि लोखंडी कठडा होकायंत्र बिघडवतात, तेव्हा कठड्यापासून दूर उभे राहून दोन-तीनदा वाचन घ्या. उंचीसाठी मुठी मोजा. आठवणीतली हालचाल मनात पुन्हा जगत घड्याळ लावून वेळ मोजा. बहुतेकांना आपण सांगितलेला काळ खऱ्यापेक्षा दुप्पट निघाल्याचे आढळते, आणि आपले सहा सेकंद तीनच निघाले तर मला वरचे वेगाचे गणित पुन्हा करावे लागेल. कुटुंबातल्या आणखी कोणी पाहिले असेल तर त्यांना आपले उत्तर सांगण्याआधी वेगळे विचारा. ‘हिरवा होता ना?’ असे विचारले की सगळ्यांचाच गोळा हिरवा होतो.

त्यानंतर सीसीटीव्ही. दुकाने, पेट्रोलपंप, सोसायट्या यांचे चित्रण बहुतेक ठिकाणी काही दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून हे काम आजच करण्यासारखे आहे. आकाशात गोळा दिसलाच पाहिजे असे नाही. फरशीवर सरकलेली सावली किंवा भिंतीवर क्षणभर वाढलेला उजेडही उपयोगी पडतो. कॅमेऱ्याच्या घड्याळावर विश्वास ठेवू नका, त्याची वेळ मोबाइलच्या वेळेशी ताडून किती सेकंदांचा फरक आहे ते लिहून ठेवा. नाशिक, सटाणा, नंदुरबार या बाजूला कोणी ओळखीचे असतील तर त्यांना हेच विचारा, आणि विशेषतः गोळा त्यांच्या पूर्वेला दिसला की पश्चिमेला एवढे जरी नक्की कळले, तरी वाईहून काढलेल्या दिशेला छेद देणारी दुसरी रेषा मिळेल आणि माझी दोनशे ते चारशे किलोमीटरांमधली ढील एकदम आवळता येईल. इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशनच्या संकेतस्थळावर सामान्य निरीक्षकांसाठी अग्निगोलाची नोंद करण्याचा अर्ज आहे. तो आपल्या मोजमापांसह भरा.

एक गोष्ट आपल्या पत्रात राहून गेली आहे. शेवटी दोन तुकडे झाल्यावर त्यातला मंद तुकडा दुसऱ्याच्या मागे पडला, की दोन्ही बरोबरीने डोंगराआड गेले? मागे पडला असेल तर तो लहान होता आणि हवेने त्याला अधिक लवकर रोखले. दोन्ही बरोबर गेले असतील, तर दोन तोलामोलाचे तुकडे त्या क्षणीही वेगात होते आणि ३० किलोमीटरची उंची मी कदाचित कमी धरली आहे. गच्चीवर उभे राहून आठवून पाहा आणि मोजमापांबरोबर तेवढे कळवा.